बाळा जिंकला असता की चंद्रप्रकाश?

...बरं, ते असू दे, पण तू परत 'आजोबा बॉक्सर होते' असंच लिहिलंस ना? खोड ते. बॉक्सर काय गं, ते गिरणीत होते, विणाई खात्यात, चार मागांवर. पाळी सुटली की मग ठोसे. आधी कापड लिही, मग ठोसे लिही. वाचणाऱ्याला वाटायला नको की माणूस जन्मभर नुसता मारामाऱ्या करत होता. नाव वर पहिलं लिहिलंस तेच. ते तूच लिही, मी घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढं पुरे झालं.

अंगाने काय फार नव्हते. साठ किलो. लग्न ठरलं तेव्हा माझी काकी आईला म्हणाली होती, "पोरगो जेवता मां गो बरो?" नाक मात्र मोडलेलं, डावीकडे कललेलं. घोरायचेसुद्धा डावीकडूनच. हसतेस काय, लिही. खरं आहे ते.

आणि त्यांची खेळायची पद्धत लिही. ते आधी मार खायचे. पहिला राउंड नुसता ऐकून घ्यायचे, बायकोचं बोलणं ऐकतात तसं, मान खाली, हात वर. समोरच्याला वाटायचं, चला, हा गेला. दुसऱ्या राउंडला तो दमला की हे आत शिरायचे, पार छातीला छाती लावून, आणि पोटात द्यायचे. पोटात मारलेलं लांबून दिसत नाही. ज्याला बसतं तो मात्र मटकन खाली बसतो. मी बघितलंय ना. लग्नानंतर दोन वर्षं मी गिरण्यांच्या स्पर्धा बघायला जायचे, शेजारणीला घेऊन. पदर डोळ्यांवर ठेवायचा आणि पदरातून बघायचं. सगळ्या बायका तेच करायच्या.

आता दुसरा माणूस. चंद्रप्रकाश भाऊजी. ह्यांचे दोस्त, पण गिरणी वेगळी, आणि गावही वेगळं. आम्ही सावंतवाडीकडचे, ते वर राजापूरकडचे. गाव वेगळं हे नीट लिही हां, त्यावरूनच पुढे सगळा घोळ झालाय. भाऊजी उंच. हात असे लांब की उभ्या उभ्या गुडघा खाजवतील. त्यात डावखुरे. केसाला तेल, खिशात कंगवा, रिंगमध्ये उतरायच्या आधी भांग पाडणारा माणूस! ते समोरच्याला जवळच येऊ द्यायचे नाहीत. लांबून टपटप, टपटप, दारावर टकटक केल्यासारखं, आणि मग तो डावा हात कुठून यायचा ते कळायचंच नाही.

हे दोनदा चॅम्पियन झाले, भाऊजी दोनदा. पण वजनाचे गट वेगळे, त्यामुळे समोरासमोर कधी आलेच नाहीत. मग लोकांना तेवढंच पुरलं. लालबागला चहाच्या टपरीवर, नळावर, पाळी बदलताना, जिथे तिथे एकच. बाळा आणि चंद्रप्रकाश लढले तर कोण? अर्धे म्हणायचे, चंद्रप्रकाश, हात लांब आहेत. अर्धे म्हणायचे, बाळा, हात लांब असून काय करणार, आत शिरला की हात गुंडाळून ठेवावे लागतील. हे दोघं स्वतःच जास्त भांडायचे. आणि भांडून झालं की एकाच बशीत चहा.

शेवटी एक्क्याऐंशी सालच्या मे महिन्यात ठरलं. भाऊजींनी वजन उतरवलं, ह्यांनी चढवलं, आणि दोघांची कुस्ती... कुस्ती नाही गं, बॉक्सिंग. लिहिलंस कुस्ती? खोड. तर मैदानात रिंग बांधायचं ठरलं, पत्रकं लागली.

मी तेव्हा गावी होते, सासरी. तुझा बाबा पोटात, पाचवा महिना. सासूबाईंबरोबर अंगणात कोकमाची सोलं वाळवत बसायची आणि डोक्यात एकच. भाऊजींचा तो डावा हात. मी बघितला होता ना. मागच्या वर्षी एका माणसाच्या कानाखाली बसला तर तो बिचारा नंतर आठ दिवस बायकोला ओळखेना म्हणे. खरं-खोटं देव जाणे, पण मला पोटात पोर घेऊन झोप लागेना.

म्हणून मी कौल लावायला गेले. थांब, मुंबईच्या वाचणाऱ्यांना सांगायला हवं. आमच्या गावात काही अडलं की देवीला विचारतात. गुरव मूर्तीला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, उजवीकडे आणि डावीकडे. आपण बोलायचं, असं असेल तर उजवी दे, तसं असेल तर डावी दे. मग बघत बसायचं कुठली पाकळी पडते. लग्न, जमीन, आजारपण, सगळं असंच विचारतात. बॉक्सिंग कोणी विचारलं नव्हतं तोवर.

सासूबाई पेजेचं आवरत होत्या तेव्हा गुपचूप गेले. आमचा नेहमीचा गुरव नव्हता, त्याच्या भावकीतल्या दुसऱ्या कोणाची पाळी होती, पलीकडच्या वाडीतला. मला ओळखत नव्हता. पाकळ्या लावून म्हणाला, "बोल गो बाय. नाव घेवन बोल. देवाक कोड्यात इचारूचा नाय."

आता नाव कसं घेणार? नवऱ्याचं? परक्या माणसासमोर, देवळात, मागे दोन म्हाताऱ्या बसलेल्या? माझी जीभच वळेना. तो म्हणतो, "बोल, बोल, पाकळी सुकता." मग मला सुचलं. ह्यांचं नाव घेता येत नाही ना, मग त्यांचं घ्यावं! मी म्हटलं, "आई, चंद्रप्रकाश जिंकत असेल तर उजवी दे. हरत असेल तर डावी."

उजवी पडली. लगेच. श्वास घ्यायला वेळ दिला नाही देवीने.

शेजारच्या शकूचा नवरा त्याच संध्याकाळच्या एसटीने मुंबईला निघाला होता. त्याच्या हाती निरोप दिला. देवीचा कौल नाही. उतरू नका. पोटातल्या पोराची शपथ आहे.

आणि हे उतरले नाहीत. हे वाक्य एकटं लिही, खाली जागा सोड.

मनगटाला पट्टी बांधून मैदानात गेले आणि सांगितलं, हात दुखावलाय. एवढे लोक जमले होते. शिट्ट्या, आरडाओरडा, "बाळ्या घाबरला!" कोणी म्हणे चप्पलसुद्धा फेकली. भाऊजी रिंगमध्ये एकटेच उभे. त्यांनी हात वर करून लोकांना गप्प केलं म्हणे, आणि बोलले, "हात बरा होऊ दे, मग बघू." पण कसलं मग! पुढच्या जानेवारीत संप लागला. गिरण्या गेल्या, स्पर्धा गेल्या, रिंगचे दोर कुठे गेले कोणाला माहीत. आम्ही घाटकोपरला भटवाडीत खोली घेतली, हे पवईला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन लागले. भाऊजी मुलुंडला, कारखान्यात, मशीनवर.

आता खरी गोष्ट इथून पुढे. आम्ही भटवाडीत आलो त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या रविवारी दारात हा उंच माणूस वाकून उभा. हातात कागदात बांधलेले बोंबील. आत यायच्या आधीच म्हणतो, "काय रे बाळ्या, हात बरा झाला का?"

हे म्हणाले, "तुझ्या पोटाला विचार."

बस्. ते जे सुरू झालं ते एक्केचाळीस वर्षं. दर रविवारी. तुझ्या बाबाची पहिली पावलं, शाळा, लग्न, तुझा जन्म, सगळं त्या भांडणाच्या आजूबाजूला झालं. मी आत मासे तळायची आणि बाहेर हे दोघं कधी न झालेली मॅच खेळायचे. खाटेवर बसून. भाऊजी हात लांब करून दाखवायचे, "हे बघ, तू इथून आत शिरशील कसा?" हे उठून खाली वाकायचे, "असा!" आणि कपाट हलायचं.

"तीन राउंडमध्ये झोपवला असता तुला."

"तुझा दम दुसऱ्यातच जातो रे. परळच्या पुलावर चढताना धापा टाकायचास."

"वहिनी, तुम्ही सांगा. तुम्ही दोघांना बघितलंय. कोण?"

मी म्हणायची, "माझा रस्सा करपला." आणि आत पळायची.

कधी नाही सांगितलं मी. माझ्या पोटात तो कौल होता ना. मला माहीत होतं, भाऊजी जिंकले असते. देवीने सांगितलं होतं. आणि मी समोर बसून रस्सा वाढायची, आणि हे हसत हसत 'घाबरलास' ऐकून घ्यायचे. एकदासुद्धा म्हणाले नाहीत की बायकोने शपथ घातली. एकदासुद्धा नाही. पहिल्या राउंडसारखं, मान खाली, हात वर.

शेजारची मालन म्हणायची, "ह्या दोघांना एकदा गच्चीवर सोडा आणि सोक्षमोक्ष लावा, कान किटले." साठी उलटली होती तेव्हा! भाऊजी खरंच शर्टाची बाही वर करायला लागले. हे म्हणाले, "आज नको, आज गुडघा दुखतोय." चाळ हसून हसून लोळली.

तू पण केलंस ना एकदा? फोनला विचारलंस, दोन चॅम्पियन, एक साठ किलोचा, एक उंच डावखुरा, कोण जिंकेल? फोनने दोघांचं कौतुक केलं आणि शेवटी म्हणाला, काही सांगता येत नाही. भाऊजी म्हणाले, "हा तर लग्न जमवणारा मध्यस्थ आहे. दोन्ही घरी जेवतो." हे म्हणाले, "त्याला विचार, पोटात कधी बसलाय का त्याच्या?"

आता मधलं एक सांगायचं राहिलं. तुझ्या बाबाचं लग्न झालं त्या वर्षी आम्ही जत्रेला गावी गेलो. देवळात कोणीतरी पाहुणा आला होता, बाहेरगावचा, त्याला कौल लावायचा होता. तर आमचा म्हातारा गुरव त्याला म्हणाला, "तुझो देव तुझ्या गावात हा रे बाबा. ह्यो देव आमच्या गावाच्या माणसांचो. परक्याचा हय काय चलूचा नाय. पाकळी पडात, पण ता खरा धरूचा नाय."

गंधाली, आलं ना तुझ्या ध्यानात? मी चंद्रप्रकाशचं नाव घेतलं होतं. राजापूरच्या माणसाचं. आमच्या देवीला तो कोण? ती त्याचं कशाला सांगेल? ह्यांचं नाव घेतलं असतं तर ते धरलं असतं. माझ्या लाजेपायी मी परक्या माणसाचा कौल लावला, आणि पाकळी नुसती सुकून पडली असेल, वाऱ्याने पडली असेल, आणि त्यावर मी नवऱ्याला शपथ घातली.

त्याच दुपारी ह्यांना विहिरीपाशी गाठून सगळं सांगितलं. रडत रडत. वाटलं, आता चिडतील. चोवीस-पंचवीस वर्षं लोकांनी 'घाबरला' म्हटलेलं, कशासाठी, तर ह्याच्यासाठी.  तर हे हसायला लागले. इतके हसले की ठसका लागला, काठावर बसावं लागलं. म्हणाले, "म्हणजे देवीलापण माहीत नाही?"

मी म्हटलं, "रविवारी भाऊजींना सांगून टाका. हात दुखावला नव्हता म्हणून. माझं नाव सांगा."

तर म्हणाले, "अजिबात नाही. त्याला सांगितलं की तो म्हणेल, बरं, वहिनीसाठी सोडलीस, चल माफ. आणि मग रविवारी येऊन बोलणार काय? गुडघेदुखी?" बादली उचलली आणि चालायला लागले. वर परत वळून म्हणतात, "आणि तूसुद्धा सांगायचं नाहीस. मी असेपर्यंत तरी नाही."

मग मी नाही सांगितलं.

ह्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली. ते तुला माहीत आहे, ते नको लिहू. दवाखान्याचं काही नको लिहू. एवढंच लिही की माघ महिना होता.

तेराव्यानंतरच्या रविवारी भाऊजी आले. हातात बोंबील नव्हते. दारातून हाताचं विचारलं नाही, वाकले आणि आत येऊन खाटेच्या ह्या टोकाला बसले. त्यांचं टोक ते. दुसरं टोक रिकामं. मी चहा दिला. बशीत ओतला नाही त्यांनी. मला ते बघवेना. मला वाटलं, मी सुरू करते. कोणीतरी सुरू करायला हवं ना? मी ह्यांच्या जागेवर बसले आणि म्हटलं, "काय भाऊजी, आज कितव्या राउंडला झोपवता?"

त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्यासमोर हात जोडले. म्हणाले, "वहिनी, बाळाच जिंकला असता. पहिल्याच राउंडला. मी उगाच बडबडायचो. मला माफ करा."

काय सांगू तुला मला काय झालं. ह्यांना नेलं तेव्हा मी रडले, पण धरून होते. त्या वाक्याला मात्र सगळं सुटलं. कारण भाऊजी भांडत होते तोवर हे कुठेतरी होते गं. वाकून आत शिरत होते, कपाट हलवत होते. त्या माणसाने मोठ्या मनाने हार मानली आणि खोलीत एकदम कोणीच उरलं नाही.

आणि मी काय केलं? चिडले. म्हटलं, "म्हणजे एक्केचाळीस वर्षं माझ्या घरात येऊन खोटं बोललात?" असं कोणी बोलतं का दुःखात आलेल्या माणसाला? ते उठले, चप्पल घातली, "येतो वहिनी" म्हणाले आणि गेले. अर्धा चहा तसाच.

त्यानंतर आलेले नाहीत. मधे मुलुंडची चाळ पाडायला काढली, तर लेकीकडे बोरिवलीला गेले म्हणे, डेपोच्या मागे कुठेतरी, नवीन बिल्डिंग. दिवाळीला लेक मिठाईचा डबा घेऊन येऊन गेली. तू म्हणतेस फोन कर. केला ना! चार वेळा केला. फोनवर ते काय म्हणतात माहीत आहे? "हो वहिनी. बरं वहिनी. काळजी घ्या वहिनी." अगदी बँकेतला माणूस बोलतो तसं. पोलाईट. आधी कधी बोलले होते असं? आमच्या लग्नात मला म्हणाले होते, "वहिनी, नाक बघून घेतलंत ना, नंतर तक्रार नको." तो माणूस आहे तो! त्याला कोणी एवढं शहाणं केलं?

मीच केलं. म्हणून तर तुला बसवलंय लिहायला.

रविवार आला की मी अजून सकाळी लवकर उठते. मासे आणते. तुझी आई म्हणते, आई, आपण घरचेच, एवढे कशाला? मी खवलं काढत बसते. दुपारी ऊन खाटेवर येतं, दोन्ही टोकांना सारखंच, आणि बाहेर जिन्यात कोणाची पावलं वाजली की मी हात पुसते. तो कुरिअरवाला असतो.

ह्यांनी सांगितलं होतं, मी असेपर्यंत सांगायचं नाही. आता मी मोकळी आहे, हो ना? तर हे जे कोणी वाचत असाल, तुमच्यापैकी कोणी बोरिवलीला डेपोच्या बाजूला राहत असेल, आणि सकाळी बागेत एखादा उंच म्हातारा दिसला, हात गुडघ्यापर्यंत, खिशात कंगवा, कोणाशी न बोलता बसलेला, तर तो तोच. त्याला माझा निरोप द्या. सांगा, भटवाडीची शेवंती म्हणते, बाळाचा हात कधी दुखावलाच नव्हता. मी शपथ घातली म्हणून उतरला नाही, आणि तीही चुकीच्या कौलावर. तो घाबरला नव्हता, आणि तुम्हीही उगाच बडबडत नव्हता, कारण कोण जिंकलं असतं ते देवीलासुद्धा माहीत नाही. पण मला माहीत आहे. मी दोघांना बघितलंय. सांगा, वहिनी म्हणते, चंद्रप्रकाश दुसऱ्या राउंडला आडवा झाला असता, पोट धरून, भांगासकट. पटत नसेल तर फोनवर सांगायचं नाही. रविवारी यायचं आणि माझ्या तोंडावर बोलायचं.